आईला पिशवीचा कॅन्सर झाला, माझा मेटाबॉलिझम स्लो आहे म्हणतात, मलाही धोका आहे का?

गोदाकाठ:

नमस्कार, इथे वाचते बऱ्याच वर्षांपासून पण लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

मागच्या वर्षी आईला गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर निघाला. वय ६३, पाळी जाऊन बारा वर्षं झालेली, शुगर पंधरा वर्षांपासून, बीपीची गोळी चालू, वजन ८४. पिशवी आणि दोन्ही अंडाशय काढले, नंतर आतून रेडिएशन दिलं, आता बरी आहे, दर तीन महिन्यांनी दाखवायला नेते.

आता माझं. वय ४४, उंची १५५ सेंटीमीटर, वजन ५७. हातपाय अगदी बारीक, कुणी मला जाड म्हणणार नाही, फक्त पोट सुटलंय. ऑफिसच्या चेकअपमध्ये तीन महिन्यांची शुगर ६.१ आली आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड वन लिहिलंय. बिल्डिंगमधल्या मैत्रिणीने वजन कमी करायच्या एका ग्रुपमध्ये घातलं, तिथल्या कोच म्हणाल्या की चाळिशीनंतर मेटाबॉलिझम स्लो होतो, मग शरीरात घाण साठत जाते आणि त्यातूनच कॅन्सर होतो, तुमच्या आईंचंही तेच झालं, आणि मेटाबॉलिझम वाढवायची पावडर घ्या म्हणाल्या, महिन्याला साडेचार हजार रुपये. घरात सासूबाई म्हणतात साखर पूर्ण बंद करा, कॅन्सर साखरेवरच पोसतो. म्हणून आईचा चहा बिनसाखरेचा केला, भात बंद, भाकरी अर्धी. ती काही बोलत नाही पण गेल्या दोन महिन्यांत खूप थकल्यासारखी वाटते मला.

तर खरंच मेटाबॉलिझम आणि कॅन्सरचा संबंध असतो का, की हे सगळं विकायसाठी चाललंय? आणि असेल तर मी काय करू? रात्री झोप लागत नाही हो विचार करून.

सह्याद्री११:

ताई, साखरेचं खरंय. माझ्या काकांचा पेट स्कॅन केला तेव्हा टेक्निशियननेच सांगितलं की ग्लुकोजचं इंजेक्शन देतात आणि जिथे कॅन्सर असतो तिथेच ते जाऊन बसतं, म्हणून तो भाग चमकतो. मग यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे? आम्ही घरात तेव्हापासून साखर, गूळ, फळं सगळं बंद केलंय. पावडरचं माहीत नाही पण साखर सोडून नुकसान तर काहीच नाही ना.

पाटीपेन्सिल:

मी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते, डॉक्टर नाही, त्यामुळे आईंच्या उपचाराबद्दल बोलणार नाही, पण पेट स्कॅनचा मुद्दा अर्धा बरोबर असल्यामुळेच जास्त गोंधळ करतो म्हणून लिहिते.

ही गोष्ट शंभर वर्षं जुनी आहे. बर्लिनमध्ये ऑटो वॉरबर्ग नावाचे शास्त्रज्ञ होते, १९२० च्या दशकात त्यांनी गाठींचे पातळ काप घेऊन मोजलं की त्या पेशी ग्लुकोज किती खातात, आणि त्यांना दिसलं की भरपूर ऑक्सिजन असतानाही त्या ग्लुकोज पूर्ण जाळत नाहीत, अर्धवट तोडून लॅक्टिक ॲसिड करून बाहेर टाकतात. आपल्या स्नायूत जोरात पळाल्यावर जे होतं ते यांच्यात बसल्याजागी चालू. एका ग्लुकोजपासून नीट जाळलं तर एटीपीचे (पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचे) तीसेक रेणू मिळतात, या अर्धवट रस्त्याने फक्त २. मग एवढी उधळपट्टी कशासाठी? आज असं समजलं जातं की वाढणाऱ्या पेशीला नुसतं सरपण नको असतं, घर बांधायला सामान पण लागतं, नवीन डीएनए, नवीन चरबी, नवीन प्रोटीन, आणि अर्धवट तोडलेल्या ग्लुकोजमधून ते सामान काढून घेता येतं. वॉरबर्ग यांना १९३१ चं नोबेल मिळालं पण ते श्वसनाच्या एन्झाइमवरच्या कामाला, कॅन्सरच्या सिद्धांताला नाही, फॉरवर्डमध्ये हे नेहमी चुकीचं येतं. त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की पेशीतली मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जा बनवणारी भट्टी, बिघडते आणि तेच कॅन्सरचं मूळ कारण. तेवढं मात्र टिकलं नाही, कारण बऱ्याच गाठींमध्ये मायटोकाँड्रिया चांगली चालू असते.

पेट स्कॅन याच सवयीचा फायदा घेतो. ग्लुकोजसारखा दिसणारा, किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेला रेणू देतात, जी पेशी ग्लुकोज जास्त ओढते ती चमकते. पण सह्याद्री, काकांचा स्कॅन परत काढून बघा, त्यात मेंदूही लख्ख चमकलेला दिसेल. मेंदूत कॅन्सर आहे म्हणून नाही, मेंदूला ग्लुकोज लागतंच म्हणून. आणि आपण साखर खाल्ली नाही तरी रक्तातलं ग्लुकोज शून्य होत नाही, लिव्हर ते तयार करून ठरावीक पातळीत ठेवतं, वेळ पडली तर स्नायू तोडून. म्हणजे ताटातली भाकरी काढून गाठीची उपासमार होत नाही, माणसाची होते.

दुसरं ते चाळिशीनंतर मेटाबॉलिझम स्लो होण्याचं. २०२१ साली सायन्स या नियतकालिकात मोठा अभ्यास आला होता, २९ देशांतली ६,४०० हून जास्त माणसं, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या म्हाताऱ्यांपर्यंत. शरीराचा आकार आणि स्नायू हिशेबात घेतले तर २० ते ६० या वयात ऊर्जेचा खर्च जवळजवळ सारखाच राहतो, साठीनंतर हळूहळू उतरतो, वर्षाला साधारण ०.७ टक्के. चाळिशीत बदलतं ते आपलं चालणं फिरणं, झोप, स्नायू. आणि एक गंमत बघा, ८४ किलोचं शरीर बसल्याजागी ५० किलोच्या शरीरापेक्षा जास्त कॅलरी जाळतं, त्यामुळे "आईंचा मेटाबॉलिझम स्लो होता म्हणून कॅन्सर झाला" हे वाक्य मुळातच कोलमडतं. वेग हा मुद्दाच नाही.

मी वर्गात मुलांना एक नाव हमखास सांगते, येल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमावरमचे, जन्म १८९५. हार्वर्डमध्ये सायरस फिस्के या शास्त्रज्ञांबरोबर काम करताना स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपी शोधण्यात त्यांचा वाटा होता, म्हणजे आपण ज्याला मेटाबॉलिझम म्हणतो त्याचं चलनच. पुढे त्यांच्याच टीमने फॉलिक ॲसिडसारखे दिसणारे पण काम अडवणारे रेणू बनवले, आणि त्यातलं अमिनोप्टेरिन बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या लहान मुलांना दिलं. १९४८ मध्ये त्यांनी १६ मुलांची माहिती छापली, त्यातल्या १० जणांना काही काळ तरी उतार पडला होता, त्याआधी या मुलांसाठी जवळजवळ काहीच नव्हतं. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट आजही वापरतात. तर मेटाबॉलिझमवर घाव घालून कॅन्सर मारता येतो, हे शंभर टक्के खरं आहे, पण तो घाव औषधाने नेमक्या एन्झाइमवर घालावा लागतो, चहातली साखर काढून नाही.

मुळाथडी:

ताई, मी फक्त माझ्या वडिलांचं सांगतो, कारण तुम्ही आईची भाकरी अर्धी केली हे वाचून माझ्या पोटात खड्डा पडला.

अण्णांना गालाचा कॅन्सर होता, चाळीस वर्षं तंबाखू चुना. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन सुरू झालं. तेव्हा आमच्याच एका नातेवाइकांनी साखर म्हणजे कॅन्सरचं अन्न अशी एक मोठी पोस्ट पाठवली आणि मी ती खरी धरली. मी, म्हणजे मीच, दूध बंद केलं, पेज बंद केली, केळं बंद केलं, कारल्याचा रस आणि भाज्यांचं पाणी देत होतो, आणि तोंड सोललेलं असल्यामुळे दुसरं काही ते खाऊही शकत नव्हते. सात आठवड्यांत ६१ चे ४९ झाले. उठून संडासपर्यंत जाता येईना, रेडिएशन मध्येच थांबवावं लागलं, आणि ते मध्ये थांबवणं चांगलं नसतं हे मला नंतर कळलं. तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं की दादा यांना काय देताय, मी सांगितलं, त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या की आजार आधीच यांचे स्नायू खातोय, तुम्ही त्याला मदत करताय.

मग नाकातून नळी घातली. दर दोन तासांनी दूध, अंडं, नाचणीची पेज, शेंगदाण्याची पावडर, तेल सुद्धा. वजनाच्या किलोमागे एक ते दीड ग्रॅम प्रोटीन असा हिशेब त्यांनी लिहून दिला होता, तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे. उरलेलं रेडिएशन पूर्ण झालं. अण्णा आज ७१ चे आहेत, पुरणपोळी दुधात कुस्करून खातात.

आईची शुगर आहे तर साखर सांभाळा ना, पण ती शुगर आहे म्हणून, गाठीला उपाशी मारायला म्हणून नाही. आणि आजच वजन करा त्यांचं प्लीज.

सातारची डॉक्टर:

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, ओपीडी संपवून लिहितेय. मुळाथडी, तुम्ही हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत.

गोदाकाठताई, तुमच्या कोचने चुकीच्या कारणाने बरोबर दाराकडे बोट दाखवलंय. मेटाबॉलिझमचा आणि कॅन्सरचा संबंध आहे, आणि सगळ्या कॅन्सरमध्ये तो सगळ्यात स्वच्छ कुठे दिसत असेल तर तुमच्या आईंना झाला त्याच कॅन्सरमध्ये. तो कसा ते नीट सांगते कारण एकदा कळलं की पावडरवाल्यांनी घातलेली भीती आपोआप जाईल.

पाळी गेल्यावर अंडाशय इस्ट्रोजेन बनवायचं जवळजवळ थांबवतात. पण किडनीवरच्या ग्रंथींमधून थोडे पुरुषी हार्मोन येत राहतात आणि चरबीत ॲरोमॅटेज नावाचं एन्झाइम असतं, ते त्यांचं इस्ट्रोजेन करून टाकतं. चरबी जेवढी जास्त तेवढं इस्ट्रोजेन जास्त. एरवी पाळी असताना इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं आणि प्रोजेस्टेरॉन त्याला आवर घालतं, महिन्याला ते झडून जातं. पाळी गेल्यावर प्रोजेस्टेरॉन नाही, म्हणजे बैलाला कासरा नाही, अस्तर वर्षानुवर्षं हळूहळू वाढत राहतं. त्यात इन्सुलिनची भर. शुगर टाइप टू असेल किंवा व्हायच्या मार्गावर असेल तेव्हा शरीर इन्सुलिनला दाद देत नाही म्हणून स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन सोडतं, आणि इन्सुलिन हे नुसतं साखर आत घेणारं हार्मोन नाही, पेशींना "वाढा" म्हणून सांगणारं पण आहे. शिवाय इन्सुलिन वाढलं की लिव्हर एक प्रोटीन कमी बनवतं जे एरवी इस्ट्रोजेनला बांधून ठेवतं, म्हणजे मोकळं इस्ट्रोजेन आणखी वाढलं. वजन, शुगर, पाळी जाणं, तिन्ही एका ठिकाणी आलं. म्हणूनच डायबेटिस असलेल्यांत पिशवीच्या अस्तराचा, लिव्हरचा आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर साधारण दुप्पट किंवा जास्त दिसतो, आतड्याचा आणि स्तनाचा त्यापेक्षा कमी प्रमाणात वाढलेला दिसतो. पीसीओएसमध्ये, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते त्या आजारात, पाळी तीन तीन चार चार महिने येत नाही तेव्हाही हेच होतं, तरुण मुलींनी ते अंगावर काढू नये.

जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था आहे, त्यांनी २०१६ मध्ये जास्त चरबीशी संबंध पक्का असलेले १३ कॅन्सर सांगितले. त्यात पिशवीचं अस्तर, पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा, मोठं आतडं, किडनी, लिव्हर, पित्ताशय, स्वादुपिंड, अंडाशय, थायरॉइड हे आहेत. तोंडाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा त्यात नाही, त्यांची कारणं वेगळी, तंबाखू आणि एचपीव्ही नावाचा विषाणू. म्हणून सगळ्या कॅन्सरला एकच कारण सांगणाऱ्यापासून लांब राहा. आणि दुप्पट ऐकून घाबरू नका, पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर आपल्याकडे स्तन आणि गर्भाशयमुखाच्या मानाने बराच कमी आहे, कमीचं दुप्पट.

आता तुमचं. तुम्ही म्हणता जाड नाही. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३.७ येतो, आपल्याकडे २३ च्या वर जास्त वजन धरतात, २५ ला लठ्ठपणा. पण मला बीएमआयपेक्षा ते "हातपाय बारीक, पोट सुटलंय" जास्त महत्त्वाचं वाटतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो आला होता, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाट्याला हे दिसत नाही. टेप घ्या आणि शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा, बाईला ८० सेंटीमीटरच्या पुढे गेलं की लक्ष द्यायचं, पुरुषाला ९०. तुमची ६.१ म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर आणि लिव्हरवर चरबी, हे दोन्ही मागे फिरवता येतं, आणि याच वयात सोपं असतं.

मागे फिरवून कॅन्सरचा धोका कमी होतो का, तर हो, असं दिसतंय. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकने २०२२ मध्ये लठ्ठपणाची शस्त्रक्रिया केलेले ५,०५३ लोक आणि न केलेले २५ हजार लोक यांची तुलना छापली. दहा वर्षांत लठ्ठपणाशी संबंधित कॅन्सर शस्त्रक्रियेच्या गटात २.९ टक्के, दुसऱ्या गटात ४.९ टक्के. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते त्यामुळे शंभर टक्के पुरावा नाही म्हणता येणार, पण फरक मोठा आहे. तुम्हाला शस्त्रक्रियेची गरज नाहीये, हे फक्त यासाठी सांगितलं की हे शरीरातलं वातावरण बदलता येतं. तुमच्यासाठी रोज जोरात चालणं, आठवड्यातून दोनतीन दिवस स्नायूंचा व्यायाम (पाण्याच्या बाटल्या उचला, उठाबशा काढा, चालेल), जेवणात डाळ उसळ अंडं वाढवा, रात्रीचं जेवण लवकर, आणि साडेचार हजार वाचवा. त्या पावडरीत काय आहे हे कुणी सांगू शकत नाही, आणि तुमच्या लिव्हरवर आधीच ताण आहे.

एक गोष्ट कोणीच विचारली नाही म्हणून मी विचारते. रक्ताच्या नात्यात, आजोळी धरून, कुणाला पन्नाशीच्या आत पिशवीचा किंवा आतड्याचा कॅन्सर झालाय का? लिंच सिंड्रोम नावाचा आनुवंशिक प्रकार असतो, त्यात वजनाचा फार संबंध नसतो. आईंच्या गाठीचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तुकडा, लॅबमध्ये असेल, त्यावर एमएमआरची टेस्ट (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रोटीन गाठीत आहेत का ते बघणारी) झाली का ते रिपोर्टमध्ये बघा, नसेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारा. ती नॉर्मल असेल तर तुमची अर्धी काळजी तिथेच संपेल.

आणि हे सगळ्या बायकांसाठी. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर अंगावरून लाल गेलं, एक थेंब जरी, डाग जरी, तर ती "पाळी परत आली" नसते. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण सोनोग्राफी करून अस्तराची जाडी बघायलाच लागते, आणि जाड असेल तर तुकडा काढून तपासायला लागतो. हा कॅन्सर बहुतेक बायकांना असं रक्त दाखवून आधीच सांगतो, लवकर आलं की नुसत्या ऑपरेशनवर कितीतरी जणी बऱ्या होतात. माझ्याकडे मात्र आठ आठ महिने घरात न सांगता कपडे धुणाऱ्या बायका येतात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

सह्याद्री११:

डॉक्टर, पाटीपेन्सिल मॅडम, आभारी आहे. काकांचा स्कॅन बघितला, मेंदू खरंच पूर्ण चमकतोय. काकांना फळं सुरू केली आजपासून. एक विचारायचं होतं, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्यांना कॅन्सर होत नाही असं वाचलं, मग शुगर नसताना घेतली तर?

सातारची डॉक्टर:

नको. जुन्या निरीक्षणांवरून खूप आशा होती खरी, म्हणून मग चिठ्ठ्या टाकून मोठी चाचणी केली, स्तनाचा कॅन्सर झालेल्या ३,६४९ जणांवर, निम्म्यांना पाच वर्षं मेटफॉर्मिन, निम्म्यांना नुसती बिनऔषधाची गोळी. २०२२ मध्ये निकाल आला, शुगर नसलेल्यांमध्ये कॅन्सर परत येण्यात फरक पडला नाही. शुगर असेल तर ती चांगली गोळी आहे, त्यासाठी घ्या. उलट व्यायामाच्या बाबतीत २०२५ मध्ये चांगली बातमी आली, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची केमो संपल्यावर ज्यांच्याकडून तीन वर्षं शिस्तीत व्यायाम करून घेतला त्यांच्यात पाच वर्षांनी ८०.३ टक्के लोक कॅन्सरमुक्त होते, ज्यांना नुसतं माहितीपत्रक दिलं त्यांच्यात ७३.९ टक्के. काकांना कुठला कॅन्सर आहे माहीत नाही, त्यांच्या डॉक्टरांना विचारून रोज थोडं चालवा.

गोदाकाठ:

सगळ्यांचे कसे आभार मानू कळत नाही. काल रात्री आईचं वजन केलं, दोन महिन्यांत साडेपाच किलो कमी झालंय, आणि मी ते चांगलंच समजत होते. मुळाथडी दादा, तुमचं वाचून रडले, सकाळी तिला पूर्ण भाकरी, अंडं आणि वाटीभर मटकीची उसळ दिली, सासूबाईंनाही सगळं वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या मी माझ्या काळजीपोटी सांगत होते ग. तिच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सोमवारी बोलावलंय आणि आहारतज्ज्ञांची पण वेळ दिलीय. माझी कंबर ८९ भरली. पावडर नको म्हणून ग्रुपवर सांगून टाकलं.

रिपोर्ट काढला, त्यात एमएमआर कुठे लिहिलेलं नाहीये, सोमवारी विचारते.

पण डॉक्टर, दुसरंच काहीतरी झालंय. तुमचं ते शेवटचं मी आईला आणि मावशीला वाचून दाखवत होते, मावशी ५८ ची आहे, शुगर आहे, आणि ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली गणपतीपासून मला अधूनमधून डाग दिसतात, उष्णतेने असेल म्हणून सब्जाचं पाणी पीत होते. तिची गुरुवारची वेळ घेतलीय. तिला घेऊन जाताना काय काय बरोबर नेऊ?

सातारची डॉक्टर:

गुरुवार चालेल, त्याच्या पुढे ढकलू नका, मध्ये जास्त ब्लीडिंग झालं तर त्याच दिवशी जा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटासकट न्या, रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती पहिल्यांदा सांगा. कधी कुठली हार्मोनची गोळी घेतली असेल, पाळी लांबवायची सुद्धा, तर तेही. आतून सोनोग्राफी करतील, त्यासाठी लघवी धरून ठेवायला लागत नाही, उलट करून यायला सांगतात. आईंच्या कॅन्सरचा रिपोर्ट झेरॉक्स करून बरोबर ठेवा कारण सख्खी बहीण आहे. तुकडा घ्यायचं म्हटलं तर घाबरू नका, बऱ्याचदा ओपीडीतच होतं, पाळीच्या कळांसारखं थोडं दुखतं, आणि आत जाताना मावशींचा हात धरायला तुम्ही असा.